पट्टा खाली आणायचा

[दृश्य: टोपी चढवली जाते. क्लोजअप: जेल भरणारे हात]

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स झालेला माणूस स्वतःच्या मेंदूलहरी स्क्रीनवर बघत त्या बदलायला शिकतो, याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. या कामाचा निम्मा जीव तयारीत जातो. टोपीच्या छिद्रातून केस बाजूला सारायचे, बोथट सुईच्या सिरिंजने जेल भरायचं, स्क्रीनवरचा लाल ठिपका हिरवा झाला की पुढचं छिद्र. कवटीबाहेर पोचणारा मेंदूचा संदेश असतो व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढा. जेल नीट बसलं नाही, तर त्याऐवजी नुसती खरखर मिळते. म्हणून हे हात घाई करत नाहीत.

टाळूवर मधोमध आणि तिच्या दोन्ही अंगांना बसवलेले इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूची वीज टिपणाऱ्या चकत्या, आज कामाचे. हालचालींची जुळवाजुळव करणारा भाग त्यांच्या खाली येतो.

[दृश्य: मांडीवरचा हात]

कंपवात म्हटलं की हाच थरथरता हात डोळ्यांपुढे येतो. पण शुभार्थींशी, म्हणजे हा आजार असलेल्यांशी, बोलून बघा. अनेकांची तक्रार थरथरीपेक्षा मंदपणाची असते. खुर्चीतून उठायचं मनात येतं, अंग हलत नाही. अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं. पाय दारातच अडकतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा जणांवरून. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यातच दिसलेले!

[दृश्य: मेंदूचा आराखडा, खोल भाग उजळतो]

मेंदूच्या खोल भागात सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा पेशींचा पुंजका आहे. तिथल्या डोपामीन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामीन आटलं की हालचालींच्या साखळीतल्या पेशी एकाच ठेक्यात अडकू लागतात. सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनं, म्हणजे बीटा लहरी. त्या निरोगी मेंदूतही असतात, पण हात उचलायच्या आधी तिथे हा ठेका मोडतो. इथे तो मोडायला तयार नसतो. डोपामीनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी लागू पडली की तो उतरतो. डीप ब्रेन स्टिम्युलेशनच्या, म्हणजे मेंदूत खोलवर बसवून वीज देणाऱ्या तारेनेही उतरतो.

मग माणसाला तो आपला आपण उतरवता येईल का?

[दृश्य: मॉनिटर. निळा पट्टा वर-खाली होतो]

हा पट्टा म्हणजे टोपी घातलेल्या काकांच्याच बीटा लहरींची ताकद. आधी काही मिनिटं नुसतं शांत बसवून त्यांची नेहमीची पातळी मोजली. आता पट्टा त्या रेषेच्या खाली आणायचा. कसा, ते कुणी सांगत नाही, कारण सांगता येत नाही. कुणी मनातल्या मनात पोहतं, कुणी जिना चढतं. हे काका चालण्याची कल्पना करून बघतायत.

पट्टा वर गेला. पुन्हा वर.

«काका, दात सैल सोडा.»

जबडा आवळला की त्या स्नायूंची वीज बीटाच्याच पट्ट्यात मिसळते. उलटही होतं: जबडा सैल पडला की पट्टा खाली येतो, आणि मेंदूने काहीच केलेलं नसतं. म्हणून गालावर हा वेगळा इलेक्ट्रोड. स्नायूंची लबाडी इथे पकडली जाते आणि तेवढा भाग मोजणीतून वगळला जातो. असं करत नसतील, तर त्या न्यूरोफीडबॅकवर मी तरी पैसे घालणार नाही.

आता बघा. चेहरा तसाच, हात तसाच, पट्टा मात्र रेषेखाली. टुंग. तो आवाज म्हणजे बक्षीस. ते लहरींपाठोपाठ लगेच मिळावं लागतं, उशीर झाला तर मेंदूला कशाबद्दल मिळालं ते उमगत नाही. एरवी गोळी घेऊन तिचा असर कधी सुरू होतो याची वाट बघणारा माणूस इथे स्वतः काहीतरी करतो आहे. मला या साऱ्यात तेच मोठं वाटतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

ही कल्पना आजची नाही. १९२४ मध्ये जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूलहरी पहिल्यांदा टिपल्या. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टरमन यांनी मांजरांना ठरावीक लहरी वाढवायला शिकवलं, खाऊची लालूच दाखवून. पुढे तीच मांजरं अग्निबाणाच्या इंधनाची विषबाधा तपासणाऱ्या प्रयोगात आली, आणि शिकलेली मांजरं झटक्यांपुढे जास्त वेळ तग धरून राहिली! तिथून ही वाट अपस्माराकडे आणि पुढे इतर आजारांकडे गेली.

कंपवातासाठी वेल्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एमआरआय यंत्रातच हा सराव करून घेतला. पाच जणांना आपल्या मेंदूतल्या हालचालींच्या भागाची सक्रियता पडद्यावर दिसत होती. दुसरे पाच जण पडद्याशिवाय नुसती कल्पना करत होते. मधल्या काळात घरी सराव. पडदा पाहणाऱ्यांची बोटं पुढे जास्त वेगाने हलू लागली, दुसऱ्यांची नाही. २०१६ मध्ये तीस जणांवर चाचणी झाली. सराव आणि व्यायाम करणाऱ्यांमध्ये सुधारणा दिसली, पण नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ती ठामपणे सरस ठरली नाही. २०२० मध्ये खोल मेंदूतल्या तारांवरून बीटा उतरवायला शिकलेल्यांची हालचाल लवकर सुरू झाली, थरथर मात्र वाढली.

[दृश्य: पडदा काळा. अंगठा आणि तर्जनी]

शेवटची फेरी पडदा बंद ठेवून. पट्टा नाही, आवाज नाही. शिकलेलं अंगी किती उतरलं, ते इथे कळतं. यंत्र मोजत राहतं. मग बोटांची उघडझाप, मग उठून चार पावलं. गुण वहीत गेले.

गोळ्या आहेत तशाच चालू. त्यात बदल न्यूरॉलॉजिस्टच करतील. पुढचं सत्र गोळीनंतर आजच्याइतक्याच वेळाने ठेवलंय, नाहीतर पट्टा सरावाने उतरला की लेव्होडोपाने, ते सांगता येणार नाही.