काचेवरची ओळख

(पॅथॉलॉजी लॅब. फॉर्मॅलिनचा, म्हणजे काढलेला अवयव टिकवणाऱ्या द्रावाचा, डबा उघडतो)
कागदावर एवढंच लिहिलंय : ओव्हरीची गाठ. कसली, ते अजून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही नक्की सांगता येणार नाही.

आता ग्रॉसिंग, म्हणजे गाठ नुसत्या डोळ्यांनी पाहून, चिरून तपासायचे तुकडे निवडणं. आधी वजन, मग माप, मग सुरी. आत कुठे पाण्याच्या पिशव्या, कुठे भरीव, कुठे साकळलेलं रक्त. यातला नेमका कुठला तुकडा घ्यायचा, ते हाताला कळावं लागतं. इथे जागा चुकली की पुढची यंत्रं कितीही महागडी असोत, काय कामाची?

सोबत बीजवाहिनी आली आहे. पूर्वी हिचा नावाला एक तुकडा घेत. आता तिचं झालरीसारखं टोक उभं चिरून सगळंच्या सगळं बघतात. कारण ओव्हरीचा म्हणून सर्वाधिक आढळणारा कॅन्सर, हाय-ग्रेड सीरस, बहुतेकदा इथेच सुरू होतो. बदनाम ओव्हरी, उगम शेजारच्या घरात.

(मायक्रोटोम : पातळ काप काढणारं यंत्र)
तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून सुटणारी ही फीत. जाडी तीन-चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तीन-चार हजारांश. कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू द्यायची नाही, काचेवर अलगद उचलायची. पंख्याचा वारासुद्धा चालत नाही. मग रंग : हिमॅटॉक्सिलिनचा जांभळा, इओसिनचा गुलाबी.

(सूक्ष्मदर्शकातून : दर काचेवर वेगळी गाठ)
या आरपार दिसणाऱ्या, खिळ्याच्या डोक्यासारख्या वर आलेल्या पेशी : क्लिअर सेल. एंडोमेट्रिओसिसशी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराशी, या गाठीचं जुनं नातं.
कॉफीच्या बीसारखी, मधोमध चीर असलेली केंद्रकं : ग्रॅन्युलोसा सेल.
मोठ्या गोल पेशी, अधूनमधून लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी : डिसजर्मिनोमा. हा बीजपेशींतून होतो, बहुधा तरुण मुलींना.
आणि या अंगठीसारख्या, केंद्रक कडेला ढकललेल्या पेशी तर ओव्हरीच्या नव्हेतच. बहुतेकदा जठरातून आलेल्या पाहुण्या. १८९६ साली फ्रीडरिश क्रुकेनबर्ग यांनी त्यांना ओव्हरीचाच नवा प्रकार मानलं. चूक नंतर उघड झाली, पण गाठीला नाव आजही त्यांचंच.

एवढ्यावर उलगडलं नाही, तर पी५३, डब्ल्यूटी१ यांसारख्या प्रथिनांची खास तपासणी लावतात. पेशीतलं ते प्रथिन कुठे आहे, कसं आहे, हे तपकिरी रंगावरून कळतं.

प्रकार ठरला की औषधं बदलतात, ऑपरेशनही. बीजपेशींचा कॅन्सर असेल, तर दुसरी ओव्हरी आणि गर्भाशय बऱ्याचदा राखता येतं.

(कपाटाचा खण)
रिपोर्टवर सही झाली. ठोकळा खणात गेला. वर नाव नाही, फक्त नंबर. सही करणाऱ्या डॉक्टरांची आणि त्या बाईची गाठ बहुधा पडणारच नाही.