विमान घरचं, आकाश दुसऱ्याचं

श्रोतेहो, नमस्कार.

मनात आलं की गाडी काढून गोव्याला निघावं, तसं स्वतःचं छोटं विमान काढून परदेशी निघता येईल का? येतं. दोन-चार आसनांची, एका इंजिनाची विमानं घेऊन माणसं समुद्र ओलांडतात, देशामागून देश ओलांडतात. ती नेमकं काय करतात, आणि कशानं अडतात, ते आज सांगतो.

सुरुवात 1930 पासून. त्या सुमारास आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट, ठरावीक मुदतीत एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. शर्यतीत तिघे उतरले: मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर. अस्पीचं वय 17. विमान जिप्सी मॉथ, लाकडाचं आणि कापडाचं. रेडिओ नाही, ब्रेकसुद्धा नाहीत. नकाशा मांडीवर आणि डोकं वाऱ्यात.

अस्पी लंडनहून कराचीकडे निघालेला, जेआरडी कराचीहून लंडनकडे. इजिप्तमध्ये अबूकिरला जेआरडी उतरले, तर अस्पी तिथं अडकून पडलेला. इंजिनाचे प्लग गेलेले आणि सुटे प्लग जवळ नाहीत. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. अस्पीनं त्या बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. शेवटी अस्पी आधी पोचला, जेआरडी काही तासांनी मागे पडले. मनमोहन सिंगही पोचले, पण मुदत उलटून गेल्यावर. हाच अस्पी पुढं भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट खिलाडूपणाचा धडा म्हणून सांगतात. खरीच आहे ती. मला मात्र तिच्यात आणखी एक दिसतं. त्या पोराचा खोळंबा झाला तो प्लगसाठी, परवान्यासाठी नव्हे. वाटेतला इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त, सगळीकडे ब्रिटिशांचा अंमल नाहीतर वचक. त्या साम्राज्याचे प्रजाजन म्हणून निघालेल्यांना बऱ्याच हद्दी आपोआप उघड्या होत्या. आज गणित उलटं झालंय. इंजिन सहसा दगा देत नाही, कागद देतात.

आपल्या भूमीवरच्या आकाशावर त्या त्या देशाचीच पूर्ण सत्ता, हे 1919 च्या पॅरिस करारात आलं आणि 1944 च्या शिकागो करारानं पक्कं केलं. त्या शिकागो करारात खाजगी विमानांना परवानगीशिवाय ये-जा करायची मुभाही आहे बरं का! पण त्याच कलमात इतके ‘परंतु’ आहेत की बहुतेक वैमानिक आधी अर्ज करतात आणि मगच इंजिन चालू करतात. आपल्याकडे परदेशी छोट्या विमानाला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते, वर हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो.

शिवाय निघायचं आणि उतरायचं ते कस्टम्स असलेल्या विमानतळावरच. तुमचं विमान बारामतीला उभं असेल तर तिथून थेट मस्कतला जाता येत नाही. आधी देशातल्याच मोठ्या विमानतळावर जायचं, शिक्के मारून घ्यायचे, मग पुढं. सोबत विमानाच्या नोंदणीचा दाखला, ते उडण्यालायक असल्याचा दाखला, स्वतःचं लायसन्स, रेडिओचं लायसन्स, लॉगबुक. एअरलाइनमध्ये ही कामं करायला अख्खी ऑफिसं असतात. इथं पायलट, कारकून आणि हमाल, सगळं एकच माणूस.

आणि इंधन! लोकांना वाटतं, विमानतळ म्हटलं की विमानाचं तेल असणारच. असतं, पण जेट विमानांचं, म्हणजे एका परीनं रॉकेलच. छोट्या पिस्टन इंजिनाला लागतं अॅव्हगॅस, निळसर रंगाचं विमानाचं पेट्रोल, आणि ते कित्येक मोठ्या विमानतळांवर मिळत नाही. मग आठवडेआधी पिंपांतून पाठवून ठेवायचं. टाकीत चुकून जेटचं तेल पडलं तर इंजिन जमीन सोडल्यावर बंद पडू शकतं. म्हणून शहाणा पायलट टाकी भरताना स्वतः पंखापाशी उभा राहतो.

न विचारताच घुसलं तर? 28 मे 1987 ला मथियास रुस्ट नावाच्या 18 वर्षांच्या जर्मन मुलानं ते केलं. हेलसिंकीहून स्टॉकहोमला जातो म्हणून निघाला आणि भाड्याचं छोटं सेस्ना विमान थेट मॉस्कोत, क्रेमलिनच्या शेजारी उतरवलं. सोव्हिएत लढाऊ विमानांनी त्याला वाटेत पाहिलं होतं, पण गोळी झाडायचा हुकूम आला नाही. त्याला 4 वर्षांची शिक्षा झाली. वर्षभरानं सुटला. संरक्षणमंत्र्याची मात्र खुर्ची गेली. लोक त्याला धाडस म्हणतात. मी याला नशीब म्हणतो. 1983 मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान त्याच देशानं पाडलं होतं, आणि त्यात 269 माणसं गेली होती.

त्याच रशियात रीतसर उतरलेली मुलगी आपल्या मुंबईची. आरोही पंडित. तिचं विमान ‘माही’, जेमतेम चारशे-साडेचारशे किलोंचं सायनस 912. गंमत बघा, त्याच्या इंजिनाची ताकद अस्पीच्या मॉथपेक्षा काही जास्त नाही. मे 2019 मध्ये ती स्कॉटलंडमधल्या विकहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडात इकालुइटला पोचली. लाइट स्पोर्ट, म्हणजे अगदी हलक्या वर्गातल्या, विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री. खाली बर्फाळ पाणी, इंजिन एकच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिनं अलास्काहून बेरिंग समुद्र ओलांडला आणि रशियात आनादिरला उतरली. या वाटेवर आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. म्हणजे काही तासांचं उड्डाण, पण पोचायचं ते उद्याच्या तारखेत. फ्लाइट प्लॅनमध्ये सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, त्यामुळं तिथं घोळ होत नाही. व्हिसा मात्र उतरल्या जागची तारीख बघतो, तेव्हा अशा वाटेवर निघणाऱ्यानं अर्ज भरतानाच कॅलेंडर दोनदा पाहिलेलं बरं.