अकरावा आला, मग मिळालं काय?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सोलापुरात होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा अजून भरलेला आहे. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हणत उधळलेल्या अक्षता आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात अजून सापडत असतील. याच दिवसांत, १५ जानेवारीला, खाशाबा जाधव यांची जयंती येते. आता हा दिवस आपल्या महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. त्या निमित्तानं आकाशवाणीनं मला बोलायला बोलावलं, आणि मी मनात एक प्रश्न घेऊन आलो आहे. प्रश्न माझा नाही, एका मुलीचा आहे.

मी चौतीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. निवृत्त झालो तरी पहाटे साडेपाचला नेहरूनगरच्या मैदानावर जाणं काही सुटलं नाही. तिथं पूर्वभागातली एक मुलगी पळायला येते. घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिनं मध्यरात्र उलटून गेल्यावर, रात्री एकनंतर, भावाच्या मोबाइलवर पॅरिस ऑलिंपिकची एक शर्यत पाहिली. तीन हजार मीटर स्टीपलचेस, अंतिम फेरी. आपला अविनाश साबळे धावत होता. सकाळी मैदानावर आली ती डोळे चोळत, आणि मला म्हणाली, “सर, एवढं पळून तो अकरावा आला. मग त्याला मिळालं काय ओ?”

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. “अगं, तिथं पोचणं हेच मोठं असतं,” असं काहीतरी म्हणून मी तिला वॉर्मअपला पाठवलं. असलं उत्तर मुलांना पटत नसतं, आणि ते मलाही पटलं नव्हतं. आज ती रेडिओ लावून बसली आहे. म्हणून जरा नीट सांगतो.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तो मुलूख आपल्याला नवा नाही. करमाळ्याच्या वर गेलं की तीच माती, तोच माळ, पाण्याची तीच वाट पाहणी. शाळा लांब, म्हणून लहानपणी पळतच जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. स्पर्धेतलं पळणं त्यानंतर सुरू झालं. आणि निवडलं काय, तर स्टीपलचेस. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथं अडथळा पडत नाही, माणूस पडतो. ओल्या बुटांनी शेवटचा किलोमीटर काढायचा.

टोकियोत त्यानं पहिल्याच फेरीत ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. आयुष्यातली सर्वांत वेगवान धाव, नेमकी ऑलिंपिकमध्ये. आणि तरी अंतिम फेरी हुकली. विक्रम केला त्याच दिवशी स्पर्धा संपली. पुढची तीन वर्षं पुन्हा पहाट, पुन्हा डोंगर, पुन्हा दुखणं. पॅरिसमध्ये प्राथमिक शर्यतीतून पहिले पाच पुढं जाणार होते आणि हा पाचवा आला. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. त्या रात्री तो ८ मिनिटं १४.१८ सेकंदांत पळाला, म्हणजे टोकियोतल्या विक्रमापेक्षा जवळजवळ चार सेकंद वेगानं, आणि अकरावा आला. पोरी, तुझा प्रश्न त्या अकराव्या जागेवर अडला. मी तुला त्या चार सेकंदांबद्दल सांगायला हवं होतं.

पॅरिसला भारतातून ११७ खेळाडू गेले, पदकं सहा आली. जगभरातले साधारण साडेदहा हजार खेळाडू होते आणि स्पर्धा ३२९. गणित तुम्हीच करा. ऑलिंपिकला गेलेला बहुतेक प्रत्येक माणूस पदकाविना घरी येतो, आणि हे त्याला जाण्याआधीच ठाऊक असतं. तरीही तो जातो.

सोलापूरकरांना हे कळायला अवघड जाऊ नये असं मला वाटतं. आपल्या यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे त्या उंच, जड काठ्या, पेलणारे बघा. यात्रेच्या आधी कित्येक आठवडे त्यांचा सराव चालतो. दिवसभर नोकरी-धंदा करून माणसं रात्री काठी पेलायला येतात. मग संक्रांतीला पांढऱ्या बाराबंदीत, हजारो लोकांच्या मधून, तोल सांभाळत चालायचं. ज्यानं एकदा काठी पेलली, त्याला पुढं आयुष्यात कुणी ‘तुला बक्षीस काय मिळालं’ असं विचारत नाही. ‘कुठल्या साली धरला होता?’ असं विचारतात. तो साल सांगतो, आणि ऐकणारा मान हलवतो. आपल्याकडं याला मान म्हणतात. मान एकट्याचा नसतो. घराण्याचा असतो, गल्लीचा असतो, बरोबर चालणाऱ्यांचा असतो.

ऑलिंपिक खेळून आलेल्यांनाही आपल्या नावापुढं ‘ओएलवाय’ (OLY) अशी तीन इंग्रजी अक्षरं लावता येतात, डॉक्टर-वकील पदवी लावतात तशी. त्यासाठी पदकाची अट नाही. तो तिथं खेळला, एवढं पुरतं.

आता खाशाबांकडं येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ला लंडनला गेला तेव्हा त्याच्या पायाला लाल मातीची सवय होती. तिथं मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर तो निसटतो. कुस्ती तीच, पण अंगाखालची जमीन परकी. तरीही तो सहावा आला. कोल्हापूरच्या महाराजांनी त्या वेळी खर्चाला हात दिला होता. परत आल्यावर चार वर्षं त्यानं एकच ध्यास घेतला, हेलसिंकी. आणि १९५२ला निवड झाल्यावर जाण्यायेण्याचे पैसे नाहीत. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, ज्यांच्या हाताखाली खाशाबा शिकले, त्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२चे सात हजार.

श्रोतेहो, मी या गोष्टीपाशी नेहमी थांबतो. मॅटवर उतरताना त्या माणसाच्या मनात काय असेल? समोर जपानी किंवा सोव्हिएत पैलवान आहे, हे तर खरंच. पण पाठीशी एका गुरुजींचं गहाण पडलेलं घर आहे. कुणाचे दोन रुपये आहेत, कुणाचे पाच. ‘देशासाठी खेळतो’ असं खेळाडू म्हणतो तेव्हा आपल्याला ते भाषणातलं वाक्य वाटतं. खाशाबांसाठी देश म्हणजे नावानिशी ओळखीची माणसं होती.

हेलसिंकीत कॅनडाचा, मेक्सिकोचा पैलवान हरवून ते पुढं गेले. जपानच्या इशीशी झालेली कुस्ती लांबली, थोडक्यात हातची गेली. आणि लगेचच सोव्हिएत पैलवानाशी लढायला उतरवलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. त्यांची बाजू मांडायला आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता. दमलेल्या अंगानं ती कुस्ती ते हरले. कांस्यपदक हाती आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तारीख २३ जुलै १९५२. गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. कुस्त्यांचे फड लावले, त्यात स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवायला मदत केली.

त्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं गेली. १९९६, लिअँडर पेस. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या माणसाला तर बहात्तर वर्षं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत टीसी, त्यानं पॅरिसला नेमबाजीत कांस्य आणलं. नेमबाजीतली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जागतिक स्पर्धेत त्यानं २०२२लाच ऑलिंपिकचा कोटा मिळवला होता. पण तो कोटा देशाचा, त्याचा नव्हे. स्वतः मिळवलेल्या त्या जागेवर स्वतःलाच पाठवावं, यासाठी त्याला नंतर देशातल्या निवड चाचण्यांत पुन्हा झुंजावं लागलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे २००४ला अथेन्सला स्वतः खेळल्या होत्या, पदकाविना परतल्या होत्या. वीस वर्षांनी त्यांचा शिष्य पदक घेऊन उभा राहिला. अथेन्स वाया गेलं असं आता कोण म्हणेल?

हे सगळं गोडगोड आहे असं मात्र मी सांगणार नाही. पी. टी. उषा १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये चारशे मीटर हर्डल्समध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागानं चौथ्या आल्या. विनेश फोगाटनं पॅरिसमध्ये एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, अंतिम फेरी गाठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरली. अपात्र. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्याकडं शेंगाचटणीची लहानशी पुडी. मीराबाई चानूला रिओत क्लीन अँड जर्कच्या तिन्ही प्रयत्नांत वजन उचलता आलं नाही, तिच्या नावापुढं निकालच लागला नाही. पाच वर्षांनी टोकियोत तिनं रौप्य आणलं. पॅरिसला मात्र एका किलोनं चौथी. आणि ज्यांना सुवर्ण मिळालं ते तरी? अभिनव बिंद्रा बीजिंगच्या सुवर्णानंतर आलेल्या पोकळीबद्दल उघडपणे बोलले आहेत. ज्या एका दिवसासाठी सगळं आयुष्य आखलं तो दिवस उजाडून मावळला, की दुसऱ्या सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न जिंकणाऱ्यालाही पडतो.

म्हणून आपण, घरात बसून पाहणारी माणसं, काय बोलतो याला फार किंमत आहे. हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. बरीच वर्षं झाली. माझी एक विद्यार्थिनी विभागीय स्पर्धेत आठशे मीटर पळाली. पहिल्या दोघीच राज्याला जाणार होत्या, ही तिसरी आली. आयुष्यातली तिची ती सर्वांत चांगली वेळ होती, माझ्याच घड्याळात मी ती पाहिली होती. पण धापा टाकत ती समोर आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “थोडक्यात घालवलंस गं.” वेळ सांगायची राहूनच गेली. ती परत मैदानावर आली नाही. मी दोनदा घरी गेलो. “अभ्यास आहे सर,” म्हणाली. ते घड्याळ अजून माझ्याकडं आहे.

चहाच्या टपरीवर ‘काय, नुसतं फिरून आले’ असं कुणी म्हणालं की मला ते घड्याळ आठवतं.

गेल्या महिन्यात मैदानावरच्या पाच मुलांना घेऊन मी गोळेश्वरला गेलो. पंढरपूरवरून, म्हसवडवरून. माण तालुका लागला तेव्हा खिडकीतून मोहीकडं बोट दाखवलं. ललिता बाबरचं गाव. रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, दहावी आली. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. तो अकराव्या जागेचा प्रश्न विचारणारी मुलगीही बरोबर होती. ती काही बोलली नाही. बाहेरचा उघडा माळ बराच वेळ पाहत राहिली.

गोळेश्वरला खाशाबांचं घर आहे. त्या घराचं नाव ‘ऑलिंपिक निवास’. १९८४ला ते अपघातात गेले, पण घराचं नाव तेच आहे. मुलं फोटो काढत होती. ही एकटी दाराच्या नावाकडं बघत उभी होती. मला वाटलं, आता विचारेल, पदक केवढं होतं, सरकारनं काय दिलं. मी उत्तरं जुळवत होतो.

ती वळली आणि म्हणाली, “सर, कुठल्या कुठल्या साली गेलते ते?”

मी म्हटलं, “दोनदा. अठ्ठेचाळीस आणि बावन्न.”

तिनं मान हलवली.

नमस्कार.