वेळूच्या कांड्यातला बाप

हा आवाज ऐका. बेडकाचाच आहे, पण बेडूक दिसत नाही. पानावर नाही, दगडावर नाही, पाचोळ्यातही नाही. आवाज येतोय समोरच्या वेळूच्या कांड्यातून. आतून!

आपण आहोत तमिळनाडूत, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, कळक्काड-मुंडन्थुरै व्याघ्र प्रकल्पात. या कांड्याच्या बुडाशी बारीक चीर आहे. किडीनं किंवा उंदरासारख्या प्राण्यानं पाडलेली. इंचभराचा बेडूक अंग आकसून, कसाबसा तिच्यातून आत शिरतो. रंग हिरवागार, मांड्या राखी-निळ्या, डोळ्यांत सोनेरी छटा. शास्त्रीय नाव राओर्केस्टेस कॅलाझोडस.

१८७४ नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता. तब्बल १३६ वर्षं! पुन्हा सापडल्याची बातमी २०११ मध्ये आली. तो कांड्यात कसा वाढतो, हे के. एस. शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलं.

मादी कांड्याच्या आत मोजकी अंडी घालते आणि निघून जाते. मागे राहतो तो बाप. या अंड्यांना डबकं लागत नाही. शेपटीवाली पिल्लं पोहत सुटणं वगैरे काही नाही. सगळी वाढ अंड्यातच होते आणि बाहेर येतं ते थेट चिमुकलं बेडूक. तोवर राखण हवी. कुणापासून? स्वतःच्याच जातीच्या नरांपासून. ते आत घुसून अंडी खातात. संशोधकांनी काही कांड्यांतले बाप बाजूला काढून पाहिले, तर तिथली बहुतेक अंडी गेली. मला या बेडकाबद्दल सगळ्यात जास्त हेच लागून राहिलं.

हा वेळू कागदाच्या लगद्यासाठी, चटया-टोपल्यांसाठी तोडला जातो. प्रकल्पाच्या हद्दीत त्याला आडोसा आहे, बाहेर नाही. आणि दुरून पाहावं तर तोड झालेलं रानही हिरवंच दिसतं. पण या बेडकाला कुठलंही कांडं चालत नाही. चीर पडलेलंच हवं, आणि चीर पाडणं त्याला जमत नाही. मोळी बांधणाऱ्याला तरी आत कुणी बसलंय हे कसं कळावं? तोडायचाच असेल तर विणीचे महिने सोडून तोडा, एवढी मागणी तरी आपण लावून धरायला हवी.

संध्याकाळ झाली. चिरेतून आधी नाक, मग डोळे. बाप पोटापुरतं खायला बाहेर पडतोय. थोड्या वेळानं याच चिरेतून तो परत आत जाईल, अंड्यांपाशी.