लाकडी फरशीखालचा प्लाय

(दृश्य : लातूरकडचं जुनं घर. तळमजल्याची खोली, शहाबादी फरशी. सामान बाहेर काढलेलं.)

वरून कोरडीठाक दिसणाऱ्या या फरशीखाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिची ओल सांध्यांतून वर येते. दगडात खिळा धरत नाही आणि ओल लागलं की लाकूड वाकतं. म्हणून लाकडी पट्ट्यांच्या आधी प्लायचा थर.

पहिलं काम ओल तपासण्याचं. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक फरशीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा. 24 तासांनी आतून घाम आला किंवा दगड काळपट पडला, तर काम थांबवा. मे महिन्यात ही चाचणी हमखास पास होते, तिच्यावर विसंबू नका. पावसाळा सरताना, माती पूर्ण भिजलेली असते तेव्हाच खरं कळतं.

(दृश्य : हातोडीने फरशी वाजवून पाहणे.)

पोकळ वाजते ती फरशी उचलून पुन्हा बसवा. सहा फुटी सरळ पट्टी आडवी-उभी फिरवा; खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटा घासा, खड्डा भरा, भराव सुकू द्या. इथे घाई केली की प्लाय खड्ड्यावर अधांतरी राहतो आणि पाय पडला की कुरकुरतो. वाळवी असेल तर तिचा बंदोबस्त आत्ताच, नंतर हात पोचत नाही.

आता 200 मायक्रॉनचं पॉलिथिन. जोडावर सहा इंच एकमेकांवर, टेप लावून. भिंतीवर दोन इंच चढवून.

प्लाय आयएस 710 छापाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, 12 मिमी, दोन थर. शीट खोलीत तीन दिवस आडवे ठेवा, मधे चिपा घालून, म्हणजे ते तिथल्या हवेला रुळतात. 10 बाय 12 च्या खोलीला दोन थरांचे 240 चौरस फूट. शीट 32 चौरस फुटांचा, तुटफूट धरून 9 शीट.

(दृश्य : दुसरा थर पहिल्यावर आडवा बसतो.)

पहिला थर उभा, दुसरा आडवा. खालचा सांधा वरच्या सांध्याखाली येऊ नये, किमान एक फूट अंतर. दोन शीटमध्ये 3 मिमी फट, भिंतीपासून 12 मिमी. भिंतीकडची फट सिमेंटने बुजवली की पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही आणि फरशी मधोमध उचलते.

दोन्ही थर एकमेकांना स्क्रूने जोडा, दगडाला नाही. दर फुटावर एक, म्हणजे पूर्ण शीटला 45 स्क्रू. लांबी 20 मिमी. दोन थर मिळून 24 मिमी होतात. 25 चा स्क्रू खाली निघून पॉलिथिन फाडतो, आणि मग त्या एका भोकातून ओल चढते. स्क्रूचं डोकं किंचित आत जाऊ द्या.

मीटरने प्लाय आणि लाकडी पट्टी दोन्हींची ओल मोजा. रुंद पट्टीला दोन टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही.

24 मिमी प्लाय आणि 18 मिमी पट्टी मिळून फरशी 42 मिमी वर येते. दाराची फळी खालून कापावी लागेल, हे सुताराला आधीच सांगा.

आणि कूलर. त्याची टाकी गळून पाणी कडेच्या फटीतून प्लायपर्यंत पोचतं, म्हणून तो खिडकीबाहेरच्या स्टँडवरच हवा.