बिऱ्हाड बदललेली पणजी

[दृश्य: चर्चच्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्या. खाली चौकात दुचाकींची वर्दळ. घंटेचा एकच टोल.]

ही घंटा पणजीत वाजते, पण ती मूळची पणजीची नव्हे. तिच्या उमेदीचा काळ जुने गोवेतल्या ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यात गेला. १८३५ मध्ये मठ ओस पडला, पुढं छप्परही कोसळलं. घंटेनं मग आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात तीसएक वर्षं काढली आणि १८७१ साली ती या चर्चवर चढली. वजन दोन टनांहून जास्त. कुणी, कशी चढवली असेल, याचा विचार या पायऱ्या चढताना धाप लागली की आपोआप होतो.

खरं तर या शहरात बऱ्याच गोष्टी दुसरीकडून आलेल्या आहेत. राजधानीसुद्धा. जुने गोवेत रोगराईनं माणूस टिकेना, तेव्हा १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय नदीकाठानं खाली सरकून पणजीला आला. पणजी रीतसर राजधानी झाली ती १८४३ मध्ये. मोठं घर हलवताना सामान जसं हाती लागेल तसं येत राहतं, तसंच इथं झालं.

[दृश्य: मांडवीचा काठ. बेतीहून येणारी फेरीबोट. समोर आदिलशहाचा राजवाडा.]

व्हाइसरॉय उतरला तो याच वाड्यात. युसूफ आदिलशहानं साधारण १५०० च्या सुमारास बांधलेला हा वाडा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला. नंतर इथं सचिवालय आलं आणि मुक्तीनंतर विधानसभा. आमदार २००० साली पर्वरीला गेले, पण गोवेकर अजून याला ‘जुनं सचिवालय’च म्हणतात. पणजीतल्याच पाटो भागातली इमारत रिकामी करावी लागली, तेव्हा राज्य संग्रहालयाचा संसारही इथंच आला. म्हणजे बिऱ्हाडकरूच्या घरी बिऱ्हाडकरू!

वाड्याच्या बाजूला एक पुतळा आहे. लांब झग्यातला पाद्री दोन्ही हात पसरून उभा आणि पुढ्यात भोवळ येऊन कोसळणारी बाई. पर्यटकाला हा काय प्रकार आहे ते कळत नाही, पण फोटो तो काढतोच. हे आबे फारिया. कांदोळीत १७५६ साली जन्म, १८१९ मध्ये पॅरिसमध्ये मृत्यू. संमोहनात जादू नसते, ऐकणाऱ्याच्या मनावर सूचनेचा परिणाम होतो, हे त्यांनी त्या काळात मांडलं. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना त्यांची बोबडी वळली, तेव्हा वडिलांनी मागून कोकणीत हळूच सांगितलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि पोराची जीभ सुटली, अशी गोष्ट इथं घरोघरी सांगतात. पुतळा १९४५ चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. त्या बाईच्या मागं झुकलेल्या मानेकडं नीट बघा. ती अजून पडलेली नाही, पडण्याच्या बेतात आहे. दगडात किंवा धातूत पडणं दाखवता येतं, पण पडण्याच्या आधीचा क्षण पकडायला हातात कसब लागतं.

[दृश्य: नदीकाठची निळी इमारत.]

थोडं पुढं ही निळी इमारत म्हणजे जुनी आल्फांदेगा, जकातघर. आता इथं सीमाशुल्क आणि जीएसटीचं ‘धरोहर’ संग्रहालय आहे. जीएसटीचं नाव ऐकून पाय मागं घेऊ नका. बिऱ्हाड बदलता बदलता पकडल्या गेलेल्या वस्तू इथं आहेत. चोरट्या वाटेनं देशाबाहेर निघालेल्या मूर्ती, नेपाळच्या सीमेवर रक्सौलला अडवलेलं ‘आईन-इ-अकबरी’चं हस्तलिखित. लहान मुलांना न्यायचं तर आधी इथंच न्या.

आझाद मैदानात उलटा प्रवास दिसतो. इथल्या खांबांच्या छत्रीखाली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कचा पुतळा होता. मुक्तीनंतर तो जुने गोवेच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला. या मैदानात आता गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. त्यांचं निधन १९५८ मध्ये मुंबईत झालं, गोवा मुक्त झालेला त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या अस्थी १९८६ साली इथं आणल्या.

मैदानाशेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात शिरलात की भिंतीभर निळ्या-पांढऱ्या फरशा दिसतील. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचं १९३५ चं काम, विषय पोर्तुगीज कवी कामोंइशचं महाकाव्य. सरकारी कामासाठी आलेली माणसं त्यांच्याकडं न बघता जिना चढतात. दहा मिनिटं तरी थांबा.

[दृश्य: पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय. वाचनकक्षात मराठी वृत्तपत्रं चाळणारी ज्येष्ठ मंडळी.]

ग्रंथालयाचा जन्म १८३२ चा. आताची पाटोवरची इमारत नवी, नाव कृष्णदास शामा यांचं. केळशीच्या या माणसानं १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्रकथा लिहायला घेतली. तिची प्रत सापडली कुठं, तर पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात! पोर्तुगीजांच्या जाचापायी केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, आणि कृष्णदासांची ओवी समुद्रापार. देव निदान हाकेच्या अंतरावर राहिले.

[दृश्य: मळा, फोंताइन्हास. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या भिंती. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों.]

फोंताइन्हासला सकाळी सातच्या आत या. दहानंतर इथं घरं कमी आणि फोटोवाले जास्त असतात. लोकांनी दारावर ‘फोटो काढू नका’ असे फलक लावलेत. त्यांचंही बरोबरच आहे, आपल्या बाल्कनीत रोज कुणी अनोळखी माणूस पोझ देऊन उभा राहिला तर आपण तरी काय केलं असतं?

आम्ही आलोय ते गल्लीच्या टोकाच्या सेंट सेबॅस्टियन कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात. इथल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताची मान खाली झुकलेली नाही. डोळे सताड उघडे आहेत. हा क्रूस जुने गोवेच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. ज्यांची चौकशी व्हायची, त्यांना त्या नजरेची धास्ती बसावी म्हणून तो असा घडवला, असं म्हणतात. १८१२ मध्ये इन्क्विझिशन संपलं, क्रूस आदिलशहाच्या वाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथं. ते लांबलचक कोरीव टेबल आणि उंच पाठीच्या खुर्च्या मात्र राज्य संग्रहालयाच्या वाट्याला आल्या. ज्या टेबलावर निकाल लागत, ते सरकारच्या ताब्यात. ज्या डोळ्यांसमोर लागत, ते या गल्लीत. आज त्या डोळ्यांपुढं कुणीतरी झेंडूची फुलं ठेवलीत, आणि एक आजी बाकावर बसून जपमाळ ओढतेय.

[दृश्य: संध्याकाळ. कांपाल. कला अकादमीच्या पायऱ्यांवर गर्दी. मागं कॅसिनोच्या बोटींचे दिवे.]

कॅसिनोचे दिवे लागले की मांडवीचं पाणी दिसेनासं होतं. त्याकडं पाठ करून आत चला. चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वास्तू नदीशी भांडत नाही, ठेंगणी आणि ऐसपैस आहे. नाट्यगृहाला नाव दीनानाथ मंगेशकरांचं. ते मंगेशीचे, मराठी रंगभूमीनं दूर नेलेले. गोव्यात देवळाच्या जत्रेत मराठी नाटक नाही असा गाव शोधावा लागेल, आणि त्या मांडवातून पुढं आलेली मंडळी कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरतात.

आतल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी सज्जे रंगवलेत. त्यात नाकावर चष्मा सरकलेले बाब, गळ्यात मोती घातलेल्या बाया, शेजारणीच्या कानाला लागलेली कुणी. खरे प्रेक्षक अजून खुर्ची शोधताहेत, मोबाइल बंद करताहेत, कुणाच्या तरी पिशवीतला कागद कुरकुरतोय.

तिसरी घंटा होते. भिंतीवरची मंडळी केव्हाची जागेवर आहेत.