उथळ समुद्रातला खडक

(दृश्य: चुनखडकाचा ताजा फोडलेला तुकडा. त्यावर सौम्य आम्लाचा एक थेंब.)

थेंब पडताच खडक फसफसतो. बाहेर पडतोय तो कार्बन डायऑक्साइड. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात विरघळलेला हा कार्बन कॅल्शियम कार्बोनेटमध्ये अडकला, तो आत्ता सुटतोय.

भिंगातून पाहिलं, तर शिंपल्यांचे तुटके काठ दिसतात, समुद्रलिली या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या देठांच्या चकत्या दिसतात. वाळूचा खडक डोंगर झिजून आलेल्या कणांचा बनतो. चुनखडकाचा माल मात्र बहुतांशी त्याच समुद्रातल्या जीवांनी घडवलेला असतो.

(दृश्य: बहामा बेटांभोवतीचा फिकट निळा समुद्र.)

असा गाळ आजही साचतोय. इथे पाणी बहुतेक ठिकाणी १० मीटरपेक्षाही उथळ आहे. कोमट पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच कमी मावतो. त्यात तळापर्यंत ऊन पोचतं, आणि वाढणारी शैवालं उरलेलाही ओढून घेतात. हा वायू घटला, की चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, विरघळलेला राहत नाही. हालिमेडा नावाचं हिरवं शैवाल तर चुन्याचे स्फटिक स्वतःच्या अंगातच घडवतं. ते मेलं, की त्याच्या चकत्यांची वाळू होते. पोपटमासे प्रवाळ खरवडतात, आणि त्यांच्या विष्ठेतून पांढरी वाळू पडते.

लाटा आणि भरती-ओहोटीत लोळणाऱ्या कणांवर चुन्याची पुटं चढतात. त्यातून २ मिलिमीटरहून लहान, गुळगुळीत दाणे होतात. त्यांना ऊइड म्हणतात. जुरासिक काळातल्या चुनखडकात असेच दाणे खच्चून भरलेले सापडले, की तिथे उथळ, खळबळतं पाणी होतं हे ओळखता येतं.

पाणी नितळ मात्र हवं. नदीने गढूळ पाणी आणलं, की ऊन अडतं, प्रवाळ गुदमरतात.

(दृश्य: गिझाच्या पिरॅमिडचा दगड, अगदी जवळून.)

नाण्यासारख्या या चकत्या न्युम्युलाइटच्या. एकाच पेशीचा जीव, पण कवच डोळ्यांना सहज दिसेल एवढं. सुमारे ४ ते ५ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळात, इजिप्तच्या या भागावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी ही कवचं साचली.

आता खरी विलक्षण गोष्ट. बहामात खोलवर छिद्रं पाडली, तेव्हा सुमारे ५ किलोमीटर खोलीपर्यंत उथळ पाण्यातलेच चुनखडक आणि डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम मिसळलेले तसेच खडक, लागले. समुद्र कधीच तेवढा खोल नव्हता! तळ अतिशय सावकाश खचत होता, आणि जीव वरून भर घालत होते. खचणं आणि भरणं कोट्यवधी वर्षं जवळपास बरोबरीने चाललं.

गाडल्या गेलेल्या गाळाचा दगड होताना कवचांतलं अ‍ॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप, टिकत नाही. ते विरघळतं, आणि त्याच पाण्यातून कॅल्साइट या दुसऱ्या, अधिक टिकाऊ रूपाचे स्फटिक कणांमधल्या फटींत वाढून सगळं सांधतात. पुष्कळदा शिंपला पूर्ण विरघळून जातो आणि त्याच्या पोकळीत कॅल्साइट भरतं. आकार शिंपल्याचा, पण मूळच्या कवचाचा कणही उरलेला नसतो.